माहिती तुमची, किल्लीही तुमची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संघाच्या कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे. ‘तू नक्की काय करतोस, ते एकदा सगळ्यांना सांगून टाक.’ हा प्रश्न त्यांना का पडला असेल ते मी समजू शकतो. गेली वीसहून अधिक वर्षं मी पनवेलमध्ये घरी बसून काम करतो. वर्गातल्या निम्म्या मित्रांना वाटतं की मी संगणक दुरुस्त करतो. त्यामुळे कोणाचा प्रिंटर कागद ओढेनासा झाला की फोन मला येतो. उरलेल्यांना वाटतं मी शेअर बाजार बघतो. आमच्या आईला शेजारणी विचारायच्या, ‘मुलगा काय करतो हो?’ ती सांगायची, ‘घरीच असतो.’ एवढं बोलून ती गप्प बसायची, आणि समोरची बाई काय समजायचं ते समजायची.

तर सांगतो. मी वेबसाइट आणि डेटाबेस तयार करतो. कुठल्या कंपनीत नोकरी नाही. ज्याला गरज आहे त्याचं काम बोलून घ्यायचं, करून द्यायचं आणि पुढे सांभाळायचं. याला फ्रीलान्सर म्हणतात. शब्द नवा आहे, धंद्याची रीत जुनी आहे. आपल्याकडचे सुतार, गवंडी, शिंपी असेच काम करत आले. मी लाकडाऐवजी माहितीचं काम करतो, एवढाच फरक.

हा विषय आज घेण्यामागे आणखी एक कारण आहे. संघाने माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर आणायची आणि वेबसाइट करायची असं ठरवलं आहे. ते काम कोणाला द्यायचं, हे संध्याकाळच्या सभेत ठरेल. मला द्या किंवा दुसऱ्या कोणाला द्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काम देणाऱ्याने काय विचारावं आणि काय स्वतःच्या हातात ठेवावं, हे मला आत्ताच सांगायचं आहे. ते न विचारल्यामुळे लोकांचं काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. १९८७ साली मी इथून दहावी झालो. पुढे कॉमर्स. बी.कॉम.ला असताना, १९९१ मध्ये, बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर संगणकाचा क्लास निघाला. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण धूळ चालायची नाही. खोलीत एसी होता, तो विद्यार्थ्यांसाठी नव्हता, संगणकांसाठी होता. एका संगणकावर दोघं बसायचो. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस थ्री प्लस, असा अभ्यासक्रम. त्यातलं डीबेस माझ्या मनात बसलं. आमचे वडील भातगिरणीत दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी मी लहानपणापासून बघितलेली. दिवाळीच्या आधी ते रात्र रात्र बसून रोजकीर्दीवरून प्रत्येकाचं खातं जुळवायचे. डीबेस तेच काम करत होतं. एकदा केलेली नोंद हवी तशी लावून, हवी तेवढी काढून दाखवत होतं. मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम आहे.

पहिली नोकरी कळंबोलीला एका वाहतूकदाराच्या कार्यालयात लागली. ट्रकची बिल्टी, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, येणं-देणं, हे सगळं मी फॉक्सप्रोमध्ये बसवलं. १९९५ मध्ये अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. तेव्हा लोकल पनवेलपर्यंत येत नव्हती. एस.टी.ने बेलापूर गाठायचं आणि पुढे गाड्या बदलत अंधेरी. १९९८ मध्ये लोकल पनवेलला आली तेव्हा मला आयुष्यातले रोजचे दोन तास परत मिळाल्यासारखं वाटलं. त्या कंपनीत मी मुख्यतः ‘वाय-टू-के’चं काम केलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असायचे. १९९९ नंतर ‘००’ आलं की संगणक ते १९०० धरणार, मग व्याज, वय, मुदत सगळंच चुकणार. हजारो ओळी वाचून ते दुरुस्त करायचं. कंटाळवाणं काम, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. प्रोग्रॅम लिहिणारा निघून जातो, त्याने लिहिलेलं मागे राहतं, आणि ते दुसऱ्या कोणालातरी वाचावं लागतं.

२००३ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी नोकरी सोडून घरी आलो. पोटासाठी काहीतरी करायला हवं होतं, आणि घर सोडता येत नव्हतं. त्या वेळी मला तारलं ते जगातल्या काही लोकांनी उघड्या हाताने दिलेल्या वस्तूंनी. वर्ल्ड वाइड वेब ज्या सर्न प्रयोगशाळेत जन्मलं, तिने १९९३ मध्ये ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं करून टाकलं. रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी ही वेबसाइट लिहिण्याची भाषा लोकांना दिली. माय-एसक्यूएल हा डेटाबेसही त्याच वर्षीचा, आणि तोही मोफत वापरता येणारा. आपल्याकडे व्हीएसएनएलने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. हे सगळं नसतं तर महागडे परवाने विकत घेण्याची ऐपत नसलेला पनवेलचा एक माणूस घरात बसून हा धंदा करू शकला नसता.

आता डेटाबेस म्हणजे काय, ते आपल्या शाळेच्याच उदाहरणाने सांगतो. शाळेत जनरल रजिस्टर असतं. प्रवेश घेतला की त्यात नोंद होते आणि एक क्रमांक मिळतो. त्याला आपण जी.आर. नंबर म्हणतो. हजेरीचा क्रमांक दरवर्षी बदलतो, तुकडी बदलते, बाक बदलतो. जी.आर. नंबर बदलत नाही आणि तो दुसऱ्या कोणाला देतही नाहीत. तुमचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच नोंदीवरून निघतो. हजेरीपट, फीचं पुस्तक, निकालपत्रक ही सगळी वेगळी, पण त्या एका क्रमांकाने ती एकमेकांशी जोडता येतात. आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये जो शोधनिबंध लिहिला, ज्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत, त्याचा गाभा साध्या भाषेत सांगायचा तर असा आहे. प्रत्येक गोष्टीची वेगळी वही ठेवा, प्रत्येक नोंदीला तिची ओळख द्या, आणि वह्या त्या ओळखीने जोडा. आपल्या शाळेतल्या कारकुनांना हे कॉडसाहेबांना न वाचता माहीत होतं. आपल्या पनवेलला नगरपालिकाच १८५२ ची. नोंदी ठेवण्याची सवय या गावाला जुनी आहे.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ती आपली माणसं आणि आपली नावं. बाहेरून आलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये नावासाठी दोन चौकटी असतात, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्या तालुक्यात म्हात्रे, पाटील, घरत, ठाकूर, भोईर किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. नाव आणि आडनाव सारखं असलेली तीन माणसं एका पतसंस्थेत सहज सापडतात. वडिलांचं नाव आणि गाव लावल्याशिवाय माणूस ओळखता येत नाही. त्यातून गावाचा पत्ता. काल जी ग्रामपंचायत होती ती २०१६ मध्ये महानगरपालिकेत गेली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे पत्ता सेक्टरने ओळखतात, शेजारच्या गावठाणात आळीने. माझ्या पिढीतल्या मुलांच्या दाखल्यावर जन्मस्थळ ‘तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा’ असं आहे, कारण जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. नवशिका प्रोग्रॅमर ‘कुलाबा’ ही चूक समजून खोडून टाकतो. ती चूक नाही, ती त्या दिवसाची नोंद आहे.

आणि जन्मतारखा! इथे १ जूनला जन्मलेले किती जण आहेत, हात वर करा बघू. बघा! शाळेत नाव घालताना नेमकी तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी १ जून लिहिली. वयाचा हिशेब जमला, मुलगा शाळेत बसला. पण ज्याला हे माहीत नाही असा माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छांचं सॉफ्टवेअर करतो आणि १ जूनला अर्ध्या गावाला एकदम शुभेच्छा जातात. हे कोड लिहिण्यापेक्षा समजून घेण्याचं काम जास्त आहे. माझे पहिले आठ दिवस नुसते ऐकण्यात जातात. ग्राहकाच्या गल्ल्याशेजारी बसून तो कागदावर काय लिहितो, काय खोडतो, कोणता कागद कोणाला देतो, ते बघायचं. त्यानंतर संगणक.

माझ्याकडे येणारी कामं साधारण चार प्रकारची असतात. पहिलं, नवीन व्यवस्था बसवणं. पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल, क्लासची फी, संस्थेचे सभासद, कारखान्याच्या मालाची आवक-जावक. दुसरं, वेबसाइट. तिसरं काम कायदा बदलला की येतं. २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सरकारने कर बदलला की व्यापाऱ्यांची झोप उडते, तशी माझीही उडते. फरक एवढाच की मला त्या रात्रपाळीचे पैसे मिळतात. चौथं काम जुनं नव्यात आणण्याचं. फॉक्सप्रोमध्ये तीस वर्षांची माहिती असते आणि ज्या कंपनीचं ते होतं तिने त्याची साथ कधीच सोडलेली असते.

यातलं मराठीचं काम मला सर्वांत जवळचं. पूर्वी प्रत्येक मराठी फॉन्टची आतली रचना निराळी होती. पडद्यावर ‘पनवेल’ दिसायचं, पण संगणकाच्या पोटात भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असायची. फॉन्ट काढला की कचरा दिसायचा. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला एकच कायमचा क्रमांक दिला आणि हा गोंधळ बराच संपला. बराच म्हणतो, सगळा नाही. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ ही नावं घ्या. त्यातला तो अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एकीत खाली टिंब असलेला र वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. छापून दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. सभासद समोर उभा असतो, कारकून नाव शोधतो आणि पडद्यावर येतं, ‘नोंद सापडली नाही.’ असे जोड आधी एकसारखे करून मगच शोध घ्यायचा, हे सॉफ्टवेअरला शिकवावं लागतं. आमच्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. त्यांनी हस्तलेखनात याच र वरून माझे गुण कापले होते. बाई, त्याचा मी आता चरितार्थ केला आहे.

सगळ्यांनी माझ्याकडे यावं असं मी म्हणत नाही. नुसता हिशेब ठेवायचा असेल तर टॅली घ्या, माझ्यासारख्याला पैसे देऊ नका. चोवीस तास चालू राहायलाच हवी अशी मोठी व्यवस्था असेल तर जिथे दहा माणसं आहेत अशा कंपनीकडे जा. एकटा माणूस आजारी पडतो, गावाला जातो. एकट्या माणसाचा उपयोग तिथे, जिथे काम छोटं पण निराळं आहे, आणि ते समजून घ्यायला कोणीतरी निवांत बसायला हवं आहे.

आणि एकट्या माणसाकडे काम देण्यातला धोका कोणता, तेही सांगतो. तो माणूसच नाहीसा होऊ शकतो.

२००५ च्या २६ जुलैला आपण सगळ्यांनी पाणी बघितलं. बाजारपेठेतल्या माझ्या एका ग्राहकाचा संगणक पाण्याखाली गेला, वह्यांचा लगदा झाला. त्याची माहिती वाचली, कारण दर शनिवारी एक सीडी भरून ती दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवायची असं आमचं ठरलेलं होतं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पुरासाठी एवढं पुरतं.

माणसासाठी हा नियम पुरत नाही. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, उरणच्या बाजूचा माझा एक मित्र गेला. माझंच काम करायचा, माझ्यापेक्षा चांगलं करायचा. वय पंचेचाळीसच्या आत. त्याच्या पत्नीचा मला फोन आला, ‘भावोजी, ह्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन येतात, मी काय सांगू?’ मी गेलो. एक लॅपटॉप, त्याचा पासवर्ड कोणाला माहीत नाही. एक डायरी, तीत अर्धवट लिहिलेलं. सगळ्या ग्राहकांची डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, त्याच्या स्वतःच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर घेतलेली. सर्व्हरचे पैसे त्याच्या कार्डातून जायचे. यात त्याची लबाडी नव्हती. ग्राहक म्हणायचे, ‘तुम्हीच बघा सगळं, आम्हाला त्यातलं कळत नाही,’ आणि तो बघायचा.

मी वहिनींना पहिली गोष्ट सांगितली ती अशी, त्याचं सिम बंद होऊ देऊ नका, रिचार्ज करत राहा. कारण प्रत्येक कुलपाचा ओटीपी त्या एका मोबाइलवर येणार होता. पुढचे तीन आठवडे मी माझ्या घरून एकेक खातं उघडायचो आणि त्या फोनवरून मला आकडे वाचून दाखवायच्या. ‘सहा, शून्य, चार...’ असं म्हणता म्हणता मधेच थांबायच्या. तेराव्याला आठवडा झालेला नव्हता. एका दवाखान्याच्या रुग्णांच्या नोंदी मिळाल्या. एका क्लासचं सगळं मिळालं. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंची माहिती मात्र गेली. त्यांच्या सर्व्हरची मुदत संपून तो पुसला गेला होता. चार वर्षांच्या ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते, सगळं. त्या मला म्हणाल्या, ‘मी पैसे वेळेवर दिले होते हो.’ दिले होते, खरंच. पण किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून माझ्या ग्राहकांना मी एक बंद लिफाफा देतो, तो या सगळ्यामुळे. त्यात काय असतं? डोमेन कुठे घेतलं आणि ते ग्राहकाच्याच नावावर, ग्राहकाच्याच ईमेलवर असल्याचा कागद. सर्व्हर कोणाचा, मुदत कधी संपते. मुख्य पासवर्ड. माहितीची शेवटची प्रत कुठे आहे. आणि दोन पानी टिपण, माझ्याजागी दुसरा कोणी आला तर त्याने कुठून सुरुवात करावी याचं. तो लिफाफा तिजोरीत, दागिन्यांशेजारी ठेवायचा. वर्षातून एकदा आम्ही समोरासमोर बसून तो उघडतो आणि त्यावरून सगळं पुन्हा उभं करता येतं का ते करून बघतो. काही जणांना हे अशुभ वाटतं. मी त्यांना सांगतो, मृत्युपत्र केल्याने कोणी मरत नाही.

कायद्याचीही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा ‘साहित्यकृती’ या सदरात येतो. म्हणजे कायद्याने मी साहित्यिक आहे. बाई, हेही तुमच्या कानावर घालायचं होतं! नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मालक साधारणपणे मालकच असतो. पण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, लिहिणाऱ्याकडे राहतो. तुम्ही पैसे दिलेत एवढ्यावर तो आपोआप तुमचा होत नाही. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. त्यामुळे एक पानाचा का होईना, करार करा. प्रोग्रॅम कोणाचा, तो बदलायची मुभा कोणाला, किती काळ, हे त्यात लिहा. आणि माहिती तुमचीच, मागाल तेव्हा पूर्ण आणि दुसरीकडे वापरता येईल अशा स्वरूपात मिळाली पाहिजे, हेही लिहा.

आता आपल्या यादीकडे येतो. माझ्या धंद्यातलं मला जे कळतं, त्यावरून पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, मुलींची नावं. आम्ही आजवर जेवढे मेळावे केले त्यात मुलं सापडली, मुली सापडल्या नाहीत. कारण लग्नानंतर नाव बदललं आणि यादीत जुनंच राहिलं, किंवा नवं आलं आणि जुनं पुसलं गेलं. दोन्ही नावं ठेवा. कोणत्याही नावाने शोधलं तरी ती सापडली पाहिजे. आणि कोणतं नाव दिसावं, ते तिने ठरवावं. ज्यांनी नाव बदललंच नाही त्यांना ते कोणी विचारू नये.

दुसरी, लागेल तेवढीच माहिती घ्या. शाळेच्या रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, सगळं असतं. ते शाळेचं आहे, शाळेतच राहू दे. आपल्याला नाव, दहावीचं वर्ष आणि संपर्क पुरतो. तसेही १ जूनचे इतके वाढदिवस आपण कसे साजरे करणार!

तिसरी, फोन नंबर आणि पत्ते वेबसाइटवर उघडे टाकू नका. ‘आपलीच तर माणसं आहेत,’ असं कोणी म्हणेल. पण वेबसाइट सगळं जग वाचतं, आणि आपल्यातले कित्येक जण आता साठीच्या पुढचे, घरी एकटे राहणारे आहेत. फोनवरून फसवणारे अशीच यादी शोधत असतात. कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर निरोप संघाकडे द्यावा, संघाने त्या व्यक्तीला विचारून नंबर द्यावा. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचंही सूत्र हेच आहे. कशासाठी घेता ते सांगा, संमती घ्या, आणि तिने किंवा त्याने नको म्हटलं की काढून टाका.

चौथी गोष्ट सांगताना जड जातं. आपल्यातले काही जण आता नाहीत. त्यांची नावं यादीतून खोडू नका. ते आपल्या वर्गात होते, राहतील. पण त्यांच्या नोंदीवर तशी खूण हवीच. एका संस्थेच्या यादीतून गेलेल्या मुलाच्या वाढदिवसाचा संदेश त्याच्या आईच्या फोनवर गेलेला मी पाहिला आहे. संगणकाला माणूस गेलेला कळत नाही. ते आपण सांगावं लागतं.

पाचवी, किल्ली. डोमेन संघाच्या नावावर, संघाच्या ईमेलवर घ्या, कोणा एकाच्या नको. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि कार्यकारिणी बदलली की हस्तांतराची नोंद इतिवृत्तात व्हावी. यादीची एक छापील प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनाही आपलं नाव बघता आलं पाहिजे.

आणि शेवटची विनंती. काम कोणालाही द्या, पण पैसे देऊन करून घ्या. ‘मित्रा, छोटीशी तर वेबसाइट आहे, करून टाक ना,’ असं मला वर्षातून दहा वेळा ऐकू येतं. फुकट केलेल्या कामाला तगादा लावता येत नाही, जाब विचारता येत नाही, आणि ते बरोबर अर्ध्यावर थांबतं. माझं अंदाजपत्रक मी लेखी देतो. तीन हप्ते, त्यातला शेवटचा तुम्ही लिफाफा तपासून पाहिल्यानंतर. संघाने दोन-तीन जणांकडून अशी लेखी अंदाजपत्रकं मागवावीत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, ‘तुम्ही उद्या नसलात तर आमचं काय?’ ज्याला या प्रश्नाचा राग येणार नाही, आणि ज्याच्याकडे त्याचं उत्तर कागदावर असेल, त्याला काम द्या.

माझं उत्तर मी लिहून आणलं आहे. ते सचिवांकडे दिलं आहे. संध्याकाळी सभेत वाचून बघा, आणि मग काय ते ठरवा.